दारोदार मागितलेलं नाव

एका संध्याकाळपुरतं नाव गिळायचं, एवढंच पोरानं मागितलं होतं. पैसा नाही, बापामागे राहिलेला उसाच्या रानाचा तुकडा नाही, गोठ्यातली म्हैस नाही. फक्त त्याच्या सासुरवाडीत त्याच्या नावानं हाक मारायची नाही.

"तिथं मला शरीफ म्हणायचं, यम्मा," तो म्हणाला. "कैरोत सगळे तेच म्हणतात. सरकारी कागदांवरही बदलून घेतलंय. एक तुझ्या तोंडात तेवढं जुनं राहिलंय."

त्याची आई नेमत भट्टीपुढे बसली होती. उन्हात फुगवलेले पाव एकेक करून आत सरकवत होती. साखरपुड्याला रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून तिनं पहाटेपासून हा घाट घातला होता. पाव, तूप आणि घागरभर काकवी.

"शरीफ," तिनं म्हणून पाहिलं. नाव चांगलं होतं. खानदानी, अब्रूदार माणसाचं. "आणि मी हाक मारली तर वळशील का रं?"

"वळेन की."

तो दाराकडे गेला आणि मोबाइलमध्ये डोकं घालून उभा राहिला. नेमतनं मुद्दाम थोडा वेळ जाऊ दिला, मग हाक मारली, "शरीफ!" तो जागचा हलला नाही. तिनं पुन्हा मारली. बाहेरून जाणारा गाढववाला वळून बघायला लागला, पण हा आपला मोबाइलमध्ये.

"बघ! तुला तरी कुठं सवय हाय मेल्या!" ती म्हणाली, आणि मग दोघंही पोट धरधरून हसले. त्या दोघांचं एकत्र हसणं ते शेवटचं, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

त्याचं खरं नाव शह्हात. शह्हात म्हणजे भिकारी. वाळवंट आणि नाईल यांच्यामध्ये चिंचोळ्या पट्टीत वसलेल्या वरच्या इजिप्तातल्या कुठल्याही खेड्यात जा, एखादा शह्हात भेटेलच. आपल्याकडचा भिकाजी, केरबा, धोंडिबा कुठून आला हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही गोष्ट फोड करून सांगायला नको. पोरं जगत नाहीत तिथं आई असली नावं ठेवते. पण शहरातल्या लोकांना असं काही सांगायला जावं तर ते आधी हसतात आणि मग ऐकतात.

शह्हातला हे हसू शाळेपासून चिकटलेलं. मास्तर हजेरी घेताना म्हणायचा, "भिकारी आलाय का? कटोरा विसरला नाहीस ना?" पुढे औषधशास्त्र शिकून तो कैरोत औषधाच्या दुकानात लागला. पहिल्या दिवशी मालकानं नाव विचारलं, यानं सांगितलं, आणि मालक हात हलवून म्हणाला, "अल्ला देईल, पुढे जा बाबा!" द्यायला काही नसलं की दारच्या भिकाऱ्याला तिकडे असंच म्हणतात. दुकानातली गिऱ्हाइकं खो खो हसली. त्यानंतर मालक दर महिन्याला पगार देताना ती गंमत करायचा. पोरगं किती वर्षं सोसणार? नेमतला हे कळत होतं. म्हणून तर तिनं हो म्हटलं.

पण हो म्हणणं तिला सोपं नव्हतं, आणि त्याला कारण होतं.

तिचा नवरा अब्द-अर्-रहीम साखर कारखान्यात भट्टीवर होता. माणूस साधा, पण नावांच्या बाबतीत मोठा हौशी. पहिला मुलगा झाला तेव्हा त्यानं बाळाच्या सातव्या दिवशी रिवाजाप्रमाणे मेणबत्त्या लावल्या, प्रत्येकीला एक नाव दिलं. जी शेवटपर्यंत जळेल तिचं नाव बाळाचं. मन्सूरची मेणबत्ती सगळ्यांत उशिरा विझली. मन्सूर म्हणजे विजयी. पहिल्याच उन्हाळ्यात तापानं तो गेला. दुसऱ्या वेळी नवऱ्यानं मेणबत्त्यांवर काही सोडलंच नाही, सरळ सुलतान म्हणून मोकळा झाला. सुलतान गुटगुटीत, गोरा, चालायला लागला तर गल्ली थांबून बघायची. येणारी जाणारी म्हणायची, काय गं बाई गाल! एके दुपारी आईच्या मांडीवर खेळता खेळता त्याला आकडी आली आणि ऊन उतरायच्या आत सगळं आटोपलं. तिसरा सातव्या दिवसापर्यंत पोचलाच नाही. तो वाळवंटाच्या कडेला भावांशेजारी बिननावाचाच झोपलाय.

चौथ्या वेळी पोट दिसायला लागलं तशी शेजारची उम्म गिर्गिस, म्हणजे गिर्गिसची आई, भिंतीवरून वाकून म्हणाली. ती ख्रिस्ती, ही मुसलमान, पण दोघींची भिंत एकच आणि भट्टीही एकच.

"मोठाली नावं ठेवता आणि मरणाला घरचा पत्ता देता! दुसरं काय व्हायचं?"

"मग काय करू गं मावशे?"

"भीक माग. याला भिकेत माग. भिकाऱ्याच्या पोराकडं कोण ढुंकून बघतंय? मरणसुद्धा बघत न्हाई."

नेमत ज्या घरातली, तिथल्या बाया बाजारालासुद्धा एकट्या जात नाहीत. ती अनवाणी निघाली. काळी चादर तोंडावर ओढून, ओटी पसरून दारोदार गेली. "देवाच्या नावानं, माझ्या पोटातल्या भिकाऱ्याला कायतरी द्या." लाज अशी वाटत होती की पाय जमिनीला चिकटत होते. पण एका दारात कुणी हसलं नाही. एका दारात कुणी "अल्ला देईल, पुढे जा" म्हटलं नाही. कुणी मूठभर पीठ दिलं, कुणी जुन्या झग्याचा तुकडा. ज्या घराशी सासऱ्याच्या वेळेपासून वैर होतं, पाण्यावरून कुऱ्हाडी निघाल्या होत्या, त्या घरातली म्हातारी स्वतः उठून आली आणि आपल्या डोक्यावरच्या फडक्याची कड फाडून तिनं हिच्या ओटीत टाकली. उम्म गिर्गिसनं गिर्गिसच्या बाप्तिस्म्याच्या झबल्याचा तुकडा दिला, पांढरा, त्यावर बारीक निळी वेल.

त्या चिंध्या जोडून नेमतनं अंगडं शिवलं. पोर जन्मलं, अंगडं घातलं, नाव ठेवलं शह्हात. मेणबत्त्या नाहीत, परातीचा गजर नाही. नवरा संतापून कालव्यावर जाऊन बसला. म्हणाला, माझा मुलगा आणि भिकारी? संध्याकाळी परतला, पोर भोकाड पसरून रडत होतं. त्यानं दारातूनच हाक दिली, "ए शह्हात, गप की!" आणि मग भिंतीला टेकून स्वतःच रडायला लागला. रडणारं पोर घरात आहे, यापुढे नावाचं काय मोठं!

तेव्हापासून एक रीत पडली. कुणी पोराचं कौतुक केलं की नेमतनं लगेच, तिथल्या तिथं, मोठ्यानं नाव घ्यायचं. शह्हात, शह्हात, शह्हात. दृष्टीला सांगायचं, बाई गं, हा भिकेतला आहे, याच्यात तुझ्याजोगं काही नाही, जा. गावातल्या बायकाही शहाण्या. "काय उंच झालाय!" असं तोंडातून गेलं की स्वतःच जीभ चावून म्हणायच्या, "शह्हात, शह्हात." आणि नेमतला तर नेमत म्हणायचं लोक विसरूनच गेले. ती उम्म शह्हात झाली. नवरा वारला तेव्हाही लोक म्हणाले, उम्म शह्हातचा नवरा गेला.

नेमतच्या लेखी ते नाव नव्हतंच. ते पोराच्या डोक्यावरचं छप्पर होतं. आणि आता ते एका संध्याकाळपुरतं का होईना, काढून ठेवायचं होतं.

कैरोतलं ते घर उंच इमारतीत होतं. पाव आणि काकवीची पाटी दारातच मोलकरणीनं घेतली आणि स्वयंपाकघरात नेली. ती पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडली नाही. दिवाणखान्यात सोनेरी पायांच्या खुर्च्या होत्या, त्यांच्यावर बसायचं की त्या बघायच्या हे नेमतला कळेना. पण माणसं वाईट होती असं मी म्हणणार नाही. वाईट असती तर सोपं झालं असतं. नवरी लमीसनं वाकून तिच्या हाताचं चुंबन घेतलं. लमीसची आई, मादाम सुहैर, तिला अगदी जवळ घेऊन बसली.

या सुहैरबाईंना एक नाद होता. नावावरून माणूस ओळखायचा.

"मला नाव सांगा, मी स्वभाव सांगते," त्या म्हणाल्या. "हानी लाडावलेला असतो. करीम उधळ्या. तारिक शब्द देतो आणि विसरतो, आमच्या थोरल्या जावयाचं नाव तारिक आहे, बघा ना!" बायका हसल्या. "पण शरीफ! शरीफ नावाचा माणूस मान ताठ ठेवून चालतो. शरीफ कधी खोटं बोलत नाही. लमीसनं नाव सांगितलं तेव्हाच मी यांना म्हटलं, पोरगा चांगल्या घरचा आहे."

"म्हटलं होतंस," इंजिनियरसाहेब, म्हणजे लमीसचे वडील, पेपर बाजूला ठेवत म्हणाले. "मी मात्र पगार विचारला."

पुन्हा हशा. शह्हातही हसला. पांढरा शर्ट, नीट कापलेले केस. नेमतनं त्याच्याकडे पाहिलं आणि पाहवेना म्हणून नजर काढून घेतली.

"त्याचं नाव कुणी ठेवलं, उम्म शरीफ?"

नेमत गालिच्यावरच्या नक्षीकडे बघत होती.

"उम्म शरीफ?"

"मम्मी, तुला विचारतायत," शह्हात म्हणाला.

मम्मी? नेमत दचकली. कोण उम्म शरीफ आणि कुणाची मम्मी? मग भानावर येऊन ती म्हणाली, "लोकांनी दिलं. दारोदारच्या लोकांनी."

"सगळ्या गावानं मिळून नाव ठेवलं! किती गोड!" सुहैरबाई म्हणाल्या. शह्हातनं आईकडे असं पाहिलं की तिला वाटलं, जमलं बाई आपल्याला. तेवढ्या नजरेवर ती ती संध्याकाळ काढू शकली असती.

पण मग सुहैरबाईंची बहीण आली. नाहेद मावशी. घारे डोळे, दोन पुढच्या दातांमध्ये फट, हातभर बांगड्या. आली ती थेट शह्हातपुढे उभी राहिली.

"अगं बाई, हा नवरा? पापण्या बघा याच्या! अशा पापण्या मला असत्या तर! आणि उंची! खांदे बघा! लमीस, कुठून पैदा केलास गं हा चंद्र?"

दृष्ट लागू नये म्हणून कुणीतरी माशाल्ला म्हणेल, याची नेमत वाट बघत राहिली. एकही बाई म्हणाली नाही. ती बया बोलतच होती, दात, रंग, हात. नेमतनं दृष्ट अडवायला काळ्या झग्याच्या आत पाचही बोटं पसरली, ओठ दातांखाली धरला. शब्द जिभेच्या टोकाशी येऊन धडका देत होता. एक संध्याकाळ, तिनं स्वतःला बजावलं, शब्द दिलाय.

गुलाबी सरबताचे पेले फिरले. शह्हातनं एक उचलला. नाहेद म्हणाली, "धरायची ऐट तरी बघा, अगदी राजपुत्र!" आणि तो पेला त्याच्या हातात तडकला.

काच तळव्यात घुसली. पांढऱ्या शर्टावर लाल ओघळ आले. त्यात सरबत कोणतं आणि रक्त कोणतं, नेमतला दिसेना. तिला मांडीवरचा सुलतान दिसला. ऊन अजून भिंतीवर होतं आणि तो निळा पडत होता.

"शह्हात!" ती किंचाळत उठली. "शह्हात! शह्हात! भिकारी हाय तो! भिकेतला हाय, दारोदारच्या चिंध्यांतला हाय! काय बघता त्याच्यात? सोडा माझ्या लेकराला!" तिनं धावत जाऊन त्याला पोटाशी धरलं आणि त्या घाऱ्या डोळ्यांच्या आड उभी राहिली.

सगळं थांबलं. लावलेली गाणी कुणीतरी बंद केली.

"कोण शह्हात?" इंजिनियरसाहेबांनी विचारलं.

शह्हातनं आईचे हात हळूच सोडवले. हाताला रुमाल गुंडाळला. त्याचा चेहरा आधी पांढराफटक पडला होता, मग बघता बघता शांत झाला. ती शांतता नेमतला नंतर कितीतरी दिवस छळत राहिली.

"माझा मोठा भाऊ," तो म्हणाला. "लहानपणीच वारला. रक्त बघितलं की मम्मीला तोच दिसतो. माफ करा."

मग सुहैरबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांनी नेमतला खुर्चीत बसवलं, तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. त्यांचाही एक मुलगा गेलेला होता, हे त्यांनी तिच्या कानात सांगितलं. नाहेदसुद्धा गुडघ्यांवर बसून तिचे पाय चोळायला लागली. इंजिनियरसाहेब उठून उभे राहिले, त्यांनी दोन्ही तळवे उघडले आणि म्हणाले, "त्या लेकराच्या आत्म्यासाठी फातिहा."

मेलेल्यासाठीची ती प्रार्थना म्हणायला सगळ्यांनी तळवे उघडले. शह्हातच्या आत्म्यासाठी. आणि शह्हातनंही उघडले. एका हातावर रुमाल होता, तो लाल होत चालला होता. त्याचे ओठ हलत होते. स्वतःच्या नावाची फातिहा तो स्वतः म्हणत होता. त्याची आई ते बघत बसली होती, आणि मला विचाराल तर त्या दिवाणखान्यात त्या वेळी एक मयत झालं. फक्त प्रेत नव्हतं.

"केवढा होता हो?" सुहैरबाईंनी विचारलं.

नेमतनं मुलाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. खरं सांगायला एक शब्द पुरे होता. तो शब्द उच्चारला की लग्न मोडलं, दुकानातलं हसू पुन्हा त्याच्या पाठीला लागलं, आणि या वेळी ते आयुष्यभर जायचं नाही. न उच्चारला तर आपल्या तोंडानं आपलं जितंजागतं पोर मातीत घालायचं.

"मोठा झाला होता," ती म्हणाली. "चालायला लागला होता. बोलायला लागला होता. लई बोलायचा."

"आणि?"

"गेला." ती म्हणाली. "माझा शह्हात गेला."

"पण देवानं भरपाई केली," सुहैरबाई तिचे डोळे पुसत म्हणाल्या. "शरीफ दिला ना तुम्हाला."

मग अंगठ्या घातल्या गेल्या. बायकांनी जिभा लोळवून आनंदाची ललकारी दिली. लग्नाची तारीख ठरली. नेमतनं प्रत्येकीचा गालाला गाल लावून निरोप घेतला. सगळ्या तिला म्हणाल्या, सांभाळा हं स्वतःला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला स्टेशनवर सोडायला आला. पाण्याची बाटली घेतली, जागेवर रुमाल टाकला, पिशवी वर ठेवली. सगळं व्यवस्थित केलं. मग खिडकीशी येऊन उभा राहिला.

"तोंडातून निघून गेलं, यम्मा. मी तरी काय करणार होतो?"

"हात कसा हाय?"

"बराय. रागावलीस?"

"तू हात उघडलेस रं. स्वतःसाठी."

त्यानं जखमेवरची पट्टी नीट केली. मग म्हणाला, "ते नाव मेलं असं समज. मी हाय की जिता."

"त्या नावात अख्खा गाव होता. वैऱ्याचं घरसुद्धा होतं."

"म्हणूनच सांगतो," तो चाचरत म्हणाला. "लग्नाला गावातलं कुणी आणू नको. तू एकटी ये. आणि ते लोक कधी... भावाबद्दल काय विचारलं, तर..."

"त्याची कबर कुठं हाय म्हणून विचारलं तर?"

"यम्मा!"

"सांगीन. गावात हाय म्हणीन. काळजी करू नको."

गाडी सुटली. तो वळून गर्दीत चालायला लागला. नेमतला वाटलं, एकदा हाक मारावी, एकदा त्यानं वळून बघावं. शरीफ म्हणावं तर तो कुणी परका. दुसरं म्हणावं तर आसपास कुणी ओळखीचं असेल. तोंड उघडं राहिलं आणि त्यातून काही निघालं नाही. तो मान ताठ ठेवून चालत होता. त्यानं मागे पाहिलं नाही.

गावात पाऊल टाकलं तर कालव्यापासूनच हाका सुरू. "उम्म शह्हात, आलीस का करून आपल्या शह्हातचा साखरपुडा?" "सून गोरी हाय का गं?" "आम्हाला काय आणलंस?" तिनं स्टेशनवर घेतलेली मिठाई वाटली. सून अशी, मांडव असा, त्या लोकांनी काकवीची बोटं चाटली, असं बसेल तिथं बसून खोटं सांगत गेली. उम्म गिर्गिसला आता धड दिसत नाही. तिनं नेमतचा चेहरा चाचपला.

"वाळलीस गं. लग्न गावात करणार ना? त्याच्या अंगड्यात माझ्या गिर्गिसचा तुकडा हाय. मला मान पायजे."

"तुला न्हाई तर कुणाला, मावशे," नेमत म्हणाली.

दर शुक्रवारी त्याचा फोन यायचा. "यम्मा, कशी आहेस?" ती म्हणायची, "बरी हाय रं. तू?" पूर्वी ती बोलताना दर वाक्याला नाव घ्यायची. आता एकदाही घेत नसे. त्याच्या ते लक्षातही आलं नाही, किंवा आलं असेल आणि त्याला बरं वाटलं असेल. लग्न झालं. ती गेली, मागच्या रांगेत बसली, सुहैरबाईंनी नव्या पाहुण्यांना हळू आवाजात सांगितलं, बिचारीचा मोठा मुलगा गेला हो. ती परत आली. मग फोन पंधरा दिवसांनी यायला लागला. कधी तोही नाही.

एका दुपारी दारात कुणीतरी उभं राहिलं. कालव्यापलीकडची रतीबा, अजून पोरगीच. दोन लेकरं मातीत दिलेली, तिसरं पोटात. अनवाणी, तोंडावर काळी चादर ओढलेली, ओटी पसरलेली.

"देवाच्या नावानं, माझ्या पोटातल्या भिकाऱ्याला कायतरी द्या," ती म्हणाली, आणि मग लाज सोडून पुढे आली. "मुद्दाम तुझ्याच दारात पहिली आले, उम्म शह्हात. तुझ्या हाताला यश हाय. तुझा जगला."

नेमत आत गेली. पेटीच्या तळाशी ते अंगडं होतं. वैऱ्याच्या म्हातारीची कड, गिर्गिसच्या झबल्याची निळी वेल, सगळं जसंच्या तसं. तिनं ते नाकाला लावलं. पोराचा वास कधीच उडून गेला होता. तिनं बाहेर येऊन अख्खं अंगडं रतीबाच्या ओटीत ठेवलं.

"अगं, हे तर त्याचंच!" रतीबा घाबरली. "त्याला नको का?"

"त्याला आता लागत न्हाई."

"मग मी नाव पण तेच ठेवते. शह्हात. ठेवू ना?"

नेमत उंबऱ्यावर बसली. कितीतरी दिवसांत ते नाव तिनं तोंडातून काढलं नव्हतं. "शह्हात," तिनं म्हटलं. "ठेव. जगेल."

"तुझ्या पोरासारखाच मोठा होऊन मला बघेल ना?"

नेमतनं तिच्या पोटाकडे पाहिलं. मग तिला राहवलं नाही.

"मी गावभर फिरले, पोरी. दर दारात एकच मागितलं, जगू दे. ते मिळालं, खोटं कशाला बोलू? पण माझा राहू दे, हे एकाही दारात मागायचं सुचलं न्हाई. तू आत्ताच माग. हरेक दारात माग."

रतीबाला सगळं कळलं असेल असं नाही. पण तिनं अंगडं छातीशी धरलं आणि पुन्हा ओटी पसरली, तिथंच, त्याच दारात. "देवाच्या नावानं," ती म्हणाली, "हा जगू दे, आणि माझा राहू दे."

नेमतनं दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते. त्यांत काही नव्हतं.

"अल्ला देईल, पोरी," ती म्हणाली. "पुढं जा."